बंद केल्यावर उभी राहणारी एरियल

३ नोव्हेंबर

ठिणग्या,

आशीर्वाद नेहमीचेच, पण आज त्यांच्या जोडीला एक काम पाठवते आहे.

गाडीचा जुना रेडिओ अखेर गेला. तुझ्या दाजींनी बसवलेला, त्यांच्यामागे एवढा टिकला हेच खूप. मी नवा घेतला. रेडिओवाल्याने बसवून दिला, वाजतोही बरा. पण एरियल काही वर येईना. आपली ती मडगार्डमधून घरघरत बाहेर येणारी. पूर्वी रेडिओ लावला की आपोआप यायची आणि बंद केला की आत जायची.

रेडिओवाला म्हणाला, "आजी, असली एरियल आता कोणी ठेवत नाही. ही मोटर चालवणं नव्या रेडिओला जमत नाही. कापून टाकू, भोक बुजवू आणि काचेला एक पट्टी चिकटवू." मी विचारलं, मोटर बिघडली आहे का? म्हणे नाही, मोटर उत्तम आहे. मग कापायची कशाला? तर म्हणे, चालते, पण आता तिचा उपयोग नाही.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी जन्मभर लोकांचे कपडे शिवले. नवं बटण जुन्या सदऱ्याला बसत नसेल तर काज मोठं करतात, सदरा फाडत नाहीत. त्याला म्हटलं, तुझ्या नाकावर नवा चष्मा बसला नाही तर नाक कापशील का? आणि गाडी घेऊन घरी आले.

खरं सांगू का, रेडिओ मी फारसा ऐकतही नाही. पण आता हा हट्ट आहे. तू आयुष्यभर गाड्यांच्या वायरी ओढल्यास, तेव्हा काय कुठे जोडायचं ते चित्र काढून पाठव. मी करते. "मेकॅनिककडे जा" असं लिहिलंस तर पत्र परत पाठवीन. आणि फोन करू नकोस. फोनवर आपलं भांडण अर्धवट राहतं, पत्रात निदान पुरं करता येतं.

तुझी ताई


११ नोव्हेंबर

ताई,

नमस्कार. अक्षर सूनबाईचं आहे, मजकूर माझा. चष्मा दुरुस्तीला दिलाय, म्हणून मी सांगतो आणि ती लिहिते.

मेकॅनिककडे जा.

आता पत्र परत पाठवण्याआधी पुढचं वाच, कारण सोबत चित्र आहे. तू ऐकणार नाहीस हे माहीत असल्यामुळे आधीच काढून ठेवलं.

रेडिओवाला अर्धं खरं बोलला. नव्या रेडिओच्या मागे एक बारीक निळी वायर असते. रेडिओ लावला की तिच्यात वीज येते, बंद केला की जाते. पण ती फक्त निरोप देते. मोटर फिरवायची ताकद तिच्यात नाही. सरळ मोटरीला जोडलीस तर नवा रेडिओ जळेल. मध्ये रिले लागतो.

रिले म्हणजे आपली आई. वडील खुर्चीत बसून नुसते खाकरायचे आणि आई सगळं घर हलवायची. खाकरण्यात कसली आलीय ताकद? इशारा वडिलांचा, जोर आईचा. तसंच हे. निळी वायर खाकरते, आणि रिले बॅटरीची वीज उचलून मोटरीला देतो.

पाच पायांचा रिले आण. पायांवर आकडे कोरलेले असतात. ८६ ला निळी वायर, ८५ गाडीच्या पत्र्याला. ३० ला बॅटरीची, मध्ये फ्यूज टाकून. उरलेल्या दोघांपैकी ८७ ला रेडिओ चालू असताना वीज येते, ती वायर एरियल वर नेणारी. ८७ए ला रेडिओ बंद असताना वीज येते, ती खाली आणणारी. टोकाला पोचली की मोटर स्वतःच थांबते, तिच्या आतच तशी सोय आहे.

आता एरियलचा प्लग. त्यात तीन वायरी असतात, पण इतक्या वर्षांत मळून तिन्ही काळ्या झाल्या असणार. म्हणून रंगावर जाऊ नकोस, जागेवर जा. चित्रात आहे तसं: डावीकडची वर नेणारी, मधली पत्र्याची, उजवीकडची खाली आणणारी. तुझ्या गाडीच्या जातीचा प्लग मला झोपेतून उठवून विचारलास तरी सांगेन.

कामाला हात लावण्याआधी बॅटरीची वायर काढ. हे वाक्य सूनबाईला दोनदा लिहायला सांगणार होतो, पण ती नको म्हणाली.

गॅरेज ठीक. मुलगा आहे, मी आहे.

ठिणग्या


२० नोव्हेंबर

ठिणग्या,

पत्र परत पाठवलं नाही ते केवळ चित्रासाठी. चित्र चांगलं आहे, म्हणजे समजण्यापुरतं. रेघा अशा वाकड्यातिकड्या का रे? तू रेघ मारलीस की फूटपट्टीने लाजावं, असा तुझा लौकिक. चष्म्याशिवाय काढलंस वाटतं. आणि कोणत्या दुकानात दिलायस तो चष्मा? नवा करायला टाकला असतास तरी एव्हाना आला असता.

रिले आणला. दुकानदार म्हणाला, "मिस्त्रीला पाठवा, त्याला कळेल कोणता हवा ते." मी म्हटलं, मिस्त्री समोर उभी आहे, पाच पायांचा काढ.

मडगार्डच्या आतले स्क्रू गंजले होते. शिलाई मशीनचं तेल सोडलं, रात्रभर मुरू दिलं, सकाळी मुकाट्याने सुटले. मोटर आता माझ्या शिवणाच्या टेबलावर आहे, खाली जुनी चादर अंथरून. शेजारचे मास्तर कुंपणावरून रोज विचारतात, "झालं का ऑपरेशन?" त्यांना सांगितलंय की रोग्याला काही झालेलं नाही, डॉक्टरच त्याला कापायला निघाला होता.

आईबद्दल लिहिलंस ते पटलं, पण अर्धंच. कोणी खाकरलेलं नसतानाही आईने दोन-तीनदा घर हलवलं होतं. तुला शाळा सोडून गॅरेजात जायचं होतं तेव्हाचं आठव. वडील नुसते बसून होते.

आणि "गॅरेज ठीक, मुलगा आहे, मी आहे" हे काय पत्र झालं? तू गॅरेजविषयी लिहायला लागलास की गिऱ्हाइकांच्या नावाने पानभर शिव्या असतात. या खेपेला एकही नाही. तब्येत बरी आहे ना?

ताई


२७ नोव्हेंबर

ताई,

तब्येतीला काय धाड भरलीय. चष्मेवाला लबाड आहे, रोज उद्या म्हणतो. रेघांचं म्हणशील, तर गाडीत वायरी कुठे सरळ असतात?

गिऱ्हाइकांना शिव्या देणं सोडलं. वय झालं. मुलाने माझ्यासाठी गॅरेजच्या दाराशी एक खुर्ची आणून ठेवलीय. गादीची, खाली चाकं असलेली, गोल फिरते. तिच्यात बसलं की येणारा-जाणारा सगळा दिसतो. लोक नमस्कार करतात.

फ्यूज बॅटरीच्या जवळ टाक, लांब नको. जोडाला नुसता पीळ देऊन पट्टी गुंडाळू नकोस, नीट सोल्डर कर. कच्चा टाका तुझ्या धंद्यात चालत असेल, आमच्यात नाही.

ठिणग्या


९ डिसेंबर

ठिणग्या,

काम झालं. म्हणजे झालं, आणि झालंही नाही.

सगळं चित्राप्रमाणे जोडलं. सोल्डर केलं, बोटाला एक चटका बसला, तो तुझ्या नावे लिहिला. मोटर पुन्हा मडगार्डमध्ये बसवली, स्क्रू आवळले, बॅटरी जोडली. रेडिओ अजून बंदच होता, आणि घर्रर्र करत एरियल आपणहून वर आली. पूर्ण, टोकापर्यंत. मी म्हटलं, वा, उत्साह बघा. मग रेडिओ लावला तर सगळी खाली जाऊन गुडूप झाली. बंद केला, परत वर.

रेडिओ लावला की ही तोंड लपवते आणि बंद केला की ताठ उभी राहते. मी स्टिअरिंगवर डोकं टेकून इतकी हसले की मास्तर पळत आले, त्यांना वाटलं मला काही झालं. त्यांना करून दाखवलं. बघितलं आणि म्हणाले, "तुमचीच एरियल शोभते. गप्प बसवलं की जास्तच उठते."

दोन वायरींची अदलाबदल झालीय हे मलाही कळतं. पण चूक कुठे झाली ते कळल्याशिवाय मी टाके उसवत नाही, ही माझी जुनी सवय. मी चित्र बघून बघूनच जोडलंय. तेव्हा तुझं काय चुकलं की माझं, ते शोधून कळव.

ताई


१५ डिसेंबर

ताई,

चूक माझी आहे. शोधायची गरज नाही.

हा प्लग झोपेतून उठवलंस तरी सांगेन, अशी मी बढाई मारली होती. आता जागेपणीही सांगता येत नाही असं दिसतं.

चष्मा कुठेही दिलेला नाही, नाकावरच आहे. हात थरथरतात, ताई. उन्हाळ्यापासून. चहा कपात कमी आणि बशीत जास्त असतो. अक्षर सूनबाईचं आहे ते त्यामुळे. चित्र तेवढं मी हट्टाने काढलं आणि रेघा तू पाहिल्यासच.

एका गिऱ्हाइकाच्या गाडीत डॅशबोर्ड उघडून काम करत होतो. हात हलला, स्क्रूड्रायव्हर नको तिथे टेकला. ठिणगी उडाली, धूर निघाला. गिऱ्हाईक चारचौघांत ओरडलं, "या म्हाताऱ्याला माझ्या गाडीला हात लावू देऊ नका." मुलगा त्याला काही बोलला नाही आणि मलाही काही बोलला नाही. गाडी नीट करून दिली, आणि थोड्या दिवसांनी ती खुर्ची आणली. हत्यारांचं कपाट आता बंद असतं. किल्ली त्याच्याकडे.

तो वाईट नाही, हीच तर पंचाईत आहे. भांडला असता तर मीही भांडलो असतो. गादीच्या खुर्चीशी कोण कसं भांडणार? सकाळी आला की तिच्यावरची धूळ पुसतो, "बसा बाबा" म्हणतो, आणि मी बसतो. ज्या गॅरेजची पहिली वायर मी ओढली तिथे मी आता नमस्कार घेतो.

तुझं पत्र आलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. वाटलं, हात गेले तर गेले, डोकं आहे. डोक्यातून सांगेन, ताई जोडेल. आता तेही चुकलं. एवढी सोपी गोष्ट. मग राहिलं काय?

तेव्हा हट्ट पुरे कर. रेडिओवाल्याकडे जा आणि एरियल कापून घे. भोक नीट बुजवून घे, नाहीतर पाणी शिरून पत्रा सडेल.

ठिणग्या

ता. क. आत्या, वरचं सगळं बाबांनी सांगितलं तसंच लिहिलंय. फक्त शेवटी त्यांनी "मी संपलो" असं एक वाक्य सांगितलं होतं, ते मी लिहिलेलं नाही. दोनदा सांगितलं तरी नाही लिहिलं. — सून


१९ डिसेंबर

ठिणग्या,

सूनबाई, हे पत्र तूच वाचून दाखवणार आहेस, तेव्हा घरात वाचू नकोस. गॅरेजात जा, त्या खुर्चीपाशी उभी राहा आणि मोठ्याने वाच. माझ्या भाच्याच्याही कानावर पडू दे.

एरियल कापणार नाही. भोकही बुजवणार नाही. तू असं लिहूच कसं शकलास, रेडिओवाल्याचं वाक्य तुझ्या तोंडी आलंच कसं, याचा मला राग आलाय, आणि तुझ्यासाठी पोटात तुटलंही आहे. दोन्ही एकदम. उन्हाळ्यापासून हात थरथरताहेत आणि मला चष्म्याच्या गोष्टी सांगतोस?

आता चुकीचं ऐक. तुझं पत्र आलं त्या दिवशी मी एका झग्याला बाह्या जोडत होते. आम्ही कापड उलटं करून शिवतो, हे तुला लहानपणापासून माहीत आहे. उलट्या बाजूने डावी बाही उजवीकडे दिसते. नवी शिकाऊ मुलगी हमखास तिथे चुकते. सुई तशीच टोचून ठेवली आणि तुझं चित्र पुन्हा समोर घेतलं.

मी प्लग टेबलावर ठेवून समोरून बघितला, जिथे तो मोटरीत बसतो त्या तोंडाकडून. तू सांग, तू उभ्या जन्मात प्लग असा समोरून बघितलायस का? तुझं आयुष्य गाडीखाली उताणं पडून गेलं. तुला प्लग दिसतो तो पाठीकडून, वायरी आत शिरतात तिथून. तू तसाच काढलास. मधली वायर मध्येच राहिली, आणि माझ्या टेबलावर डावी-उजवी फिरली. मी चित्र आरशापुढे धरून पाहिलं, तंतोतंत बसतं.

चित्र बरोबर आहे, ठिणग्या. तुझं डोकं ठणठणीत आहे. कुठून बघितलंय ते लिहायचं तू विसरलास आणि विचारायचं मी विसरले, इतकंच. तू आईची गोष्ट सांगून मला रिले शिकवलास, आणि शिंपिणीने पहिल्या खेपेला जोडलेली मोटर चालली. हे बिघडलेल्या डोक्याचं काम आहे?

त्या दोन वायरी मी बदलणार नाही. तशाच ठेवून शनिवारी तुझ्याकडे येते आहे. तू त्या बदलायच्या, तुझ्या हातांनी, तुझ्या गॅरेजच्या दारात. हात थरथरले तर थरथरू देत. बॅटरी सोडलेली असेल आणि गाडी माझी आहे. धूर निघाला तर माझ्या गाडीतून निघेल, आणि मी तुला चारचौघांत म्हातारा म्हणणार नाही, कारण मी तुझ्याहून म्हातारी आहे.

भाच्या, शनिवारी कपाटाची किल्ली तुझ्या बाबांच्या हातात असली पाहिजे. नाहीतर मी शिवणाची कात्री घेऊन येईन, आणि मग कुलपाचं काय होईल ते सांगवत नाही.

वाटभर रेडिओ बंद ठेवणार आहे. एरियल उभी करून येईन.

ताई


२ जानेवारी

ताई,

हे अक्षर माझं आहे. लागलं नाही तर कागद पाठीकडून उजेडात धरून बघ, ती युक्ती तुला आता माहीत आहे. सूनबाई लिहिते म्हणाली होती, पण तिला आज सुट्टी दिली.

शनिवारी काय झालं ते तुला माहीत आहे असं तुला वाटतं. पण तुला फक्त माझे पाय दिसत होते. वरच्या अंगाला काय झालं ते मी कोणालाच सांगितलेलं नाही.

मुलगा म्हणाला, "आत्या, मी करतो ना, दोन मिनिटांचं काम आहे." तू म्हणालीस, "म्हणूनच त्याला करू दे." त्याने किल्ली दिली. मी पुढच्या चाकापाशी गोणपाट टाकून आडवा झालो आणि हात मडगार्डमध्ये घातले. इतके थरथरले की प्लगमधून वायरींच्या पिना काढायचं टोकदार हत्यार निसटून माझ्याच तोंडावर पडलं. उचललं, पुन्हा पडलं. तेव्हाच्या शिव्या तू ऐकल्या असशील. मनात म्हटलं, हिने मला सगळ्यांदेखत हे बघायला लावलं, आता हिच्याशी जन्मात बोलायचं नाही.

मग दमलो. दमलो म्हणून कोपरं छातीवर टेकवली. आणि हात थांबले, ताई. पूर्ण नाहीत, पण कामापुरते. डॅशबोर्डाशी वाकून उभं राहिलं की हात अधांतरी असतात. उताणं पडल्यावर त्यांना टेकायला माझंच अंग मिळालं. हे त्या खुर्चीत बसून मला कधीच कळलं नसतं. पहिली पिन काढली, दुसरी काढली, जागा बदलून दोन्ही बसवल्या. खटका बसल्याचा आवाज मला ऐकू आला.

त्यानंतरही मी बराच वेळ खाली होतो. तू विचारलंस, "जमत नाहीये का?" जमलं होतं. मी रडत होतो, म्हणून बाहेर येत नव्हतो.

तू निघालीस तेव्हा आम्ही तिघं रस्त्यावर उभे होतो. कोपऱ्यावर तू रेडिओ लावलास, सगळ्या आळीला ऐकू जाईल इतका मोठा, आणि एरियल सरळ वर आली. मुलगा म्हणाला, "बाबा, आली." मी म्हटलं, "येणारच. जोडणी कोणाची आहे?" तो म्हणाला, "मला वाटलं तुम्हाला लाज वाटत असेल, म्हणून खुर्ची आणली." मी म्हटलं, "लाज तुझ्या खुर्चीत बसल्यावर वाटायला लागली." इतक्या महिन्यांत आम्ही पहिल्यांदा भांडलो. बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्याने सवयीने खुर्ची पुसून दाराशी ठेवली. मी ती आडवी पाडली आणि चाकं उपसून काढली. एक जाड फळी घेतली आणि चाकं तिला खालून ठोकली. शेवटच्या चाकाचा स्क्रू माझ्याने सरळ बसवेना, तो मुलाने बसवला. आता त्या फळीवर उताणा पडतो, पायाने रेटा देतो आणि कोणत्याही गाडीखाली सरकतो. उभ्याने करायचं ते मुलगा करतो, आडव्याने करायचं ते मी. जे दोघांनाही अडतं तिथे मी खालून नुसता खाकरतो, आणि त्याला कळतं.

काल ते धूर निघालेलं गिऱ्हाईक आलं होतं. गाडीचे मागचे दिवे लागत नव्हते. गाडी लावून कुठेतरी गेलं, परत आलं आणि दाराशी इकडेतिकडे बघायला लागलं. सूनबाईला विचारलं, "आज म्हातारेबुवा दिसत नाहीत?"

तिने सांगितलं, "आहेत ना. तुमच्याच गाडीखाली."

मग त्याला त्या बिनचाकांच्या खुर्चीत बसवलं. काम होईपर्यंत बसला.

तुझा,
ठिणग्या